उपग्रह फुकट, नकाशा विकत

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १ मे २००० रोजी, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निर्णय जाहीर केला. जीपीएसच्या नागरी संदेशात तोवर लष्करी कारणासाठी मुद्दाम चूक मिसळली जात होती. ती त्या मध्यरात्रीपासून बंद झाली. आदल्या दिवशीपर्यंत जीपीएस यंत्र तुमची जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवायचं. म्हणजे गाडी महामार्गावर आणि यंत्राच्या हिशेबाने शेजारच्या तुरीच्या रानात. चूक काढून टाकली आणि गाडीत ठेवण्याजोगं, रस्ता सांगणारं यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगाचं झालं. आज उघड्या आभाळाखाली साधा फोनसुद्धा आपली जागा पाचेक मीटरच्या फरकाने सांगतो.

या प्रकरणात असं यंत्र कसं निवडायचं ते पाहू. सगळ्या निवडीचा गाभा एका गोष्टीत आहे. उपग्रह तुम्हाला फक्त तुमची जागा सांगतात. गाव कोणतं, रस्ता पक्का की कच्चा, पुढे फाटा कुठे, हे एकाही उपग्रहाला ठाऊक नसतं. ते सगळं यंत्रात भरलेल्या नकाशातून येतं. उपग्रहांचा संदेश सगळ्या जगाला फुकट मिळतो, त्यामुळे आपण दुकानात पैसे मोजतो ते मुख्यतः नकाशासाठी. म्हणून पारखायचा तो नकाशा.

आभाळातून काय येतं?

जीपीएसचे तीसेक उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि दिवसाला जवळपास दोन फेऱ्या मारतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एवढंच सांगत राहतो की आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. हा संदेश जमिनीवर यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा ऐकू आला त्यावरून ती किती लांब पडली याचा अंदाज आपण करतो; यंत्रही तेच करतं. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतला फरक काढायचा, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, की उपग्रहाचं अंतर मिळालं.

अडचण अशी की यंत्रातलं घड्याळ साधं असतं. ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून जागा काढायला तीन उपग्रह आणि घड्याळाची चूक काढायला चौथा, असे किमान चार उपग्रह दिसावे लागतात. उपग्रहावरच्या घड्याळांनाही दुरुस्ती लागते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या नियमानुसार ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त चूक साचेल, म्हणजे हिंगोलीहून औंढ्याला निघालेल्या माणसाला यंत्र भलत्याच शिवारात नेऊन सोडेल.

हेच गणित औंढा नागनाथ तालुक्यात लवकरच उलट्या बाजूने मांडलं जाणार आहे. दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या एकेका भुजेची लांबी ४ किलोमीटर असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. जीपीएसमध्ये संदेश देणारे अनेक आणि ऐकणारा एक असतो. इथे संदेश देणारा स्रोत एक, तोही दूरच्या दीर्घिकेतला, आणि ऐकणाऱ्या वेधशाळा अनेक. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली तेव्हा ती अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला आधी पोहोचली आणि हॅनफर्डच्या वेधशाळेला सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर. या फरकावरून ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली याचा अंदाज बांधला गेला. अमेरिकेपासून एवढ्या लांब औंढ्याला वेधशाळा असली की हा अंदाज कितीतरी नेमका होईल. आणि दोन खंडांतल्या वेधशाळांची घड्याळं जुळवायला आधार कोणाचा? जीपीएसच्याच वेळेचा. गाडीतल्या छोट्या डबीत आणि दुधाळ्याच्या माळावर काम एकाच तत्त्वाने चालतं, याचा हिंगोलीकरांना अभिमान वाटावा.

आता व्यवहाराकडे येऊ. जीपीएस यंत्र फक्त ऐकतं, उपग्रहाला काहीही पाठवत नाही. त्याला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही आणि टॉवरचीही गरज नसते. ‘रेंज गेली, आता जीपीएस चालणार नाही’ हा समज चुकीचा आहे. रेंज गेल्यावर फोनमध्ये थांबतो तो नकाशा, कारण फोन तो चालता चालता तुकड्या-तुकड्याने उतरवून घेत असतो. गाडीसाठी बनवलेल्या वेगळ्या यंत्रात सगळ्या देशाचा नकाशा आधीच साठवलेला असतो. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या डोंगराळ भागात टॉवर सापडत नाही, तिथे हे यंत्र निवांत चालू राहतं. फोनमध्येही आधी नकाशा उतरवून ठेवता येतो. त्याकडे शेवटी येऊ.

नवं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की लगेच जागा सापडली नाही म्हणून घाबरू नका. एका उपग्रहाचा स्वतःच्या कक्षेबद्दलचा नेमका तपशील ऐकायला अर्धं मिनिट लागतं. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र महिनोन्‌महिने बंद असेल किंवा परदेशातून आलं असेल, तर ते मोकळ्या मैदानात, गाडी उभी ठेवून, पंधरा मिनिटं चालू ठेवा. दुकानाच्या पत्र्याखाली त्याची परीक्षा घेऊ नका.

हिंगोलीची परीक्षा

यंत्र विकत घेण्याआधी दुकानात उभं राहून काही नावं टाकून पाहा. हिंगोली जिल्हा या परीक्षेसाठी फार चांगला आहे, कारण इथल्या कितीतरी गावांची नावं दुसरीकडेही आहेत.

पहिलं नाव टाका गोरेगाव. सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे आणि मुंबईतही आहे. यंत्राने दोन्ही गोरेगावं तालुका-जिल्ह्यासह समोर ठेवली, तर नकाशाची मांडणी चांगली. थेट मुंबईकडे तोंड वळवलं, तर पुढे जपून. दुसरं नाव बाळापूर. कळमनुरी तालुक्यातलं आखाडा बाळापूर आणि अकोला जिल्ह्यातलं, मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीचं बाळापूर, ही दोन वेगळी गावं. नांदेडहून अकोल्याकडे निघालेल्या माणसाला ही दोन्ही बाळापुरं एकाच दिशेला लागतात, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही. तिसरं नाव नर्सी. संत नामदेवांचं नर्सी कयाधूच्या काठी, हिंगोली तालुक्यात. दुसरं नर्सी नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात, देगलूरच्या वाटेवर. चौथं औंढा. इंग्रजीत लिहिताना शेवटचं एक अक्षर गळलं की यंत्र पुण्याचं किंवा साताऱ्याचं औंध दाखवतं. नागनाथाच्या दर्शनाला बाहेरगावहून येणाऱ्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावं.

मग बोलून नाव सांगता येत असेल, तर ‘सेनगाव’ म्हणून पाहा. यंत्राने ‘शेगाव’ ऐकलं तर ते तुम्हाला बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांच्या मंदिराकडे न्यायला निघेल. आणि वसमत टाकून पाहा. हे गाव वसमत, बसमत, बसमथ अशा अनेक रूपांनी लिहिलं जातं. चांगल्या नकाशात यांपैकी काहीही टाकलं तरी तेच गाव सापडतं.

शेवटची कसोटी सगळ्यांत कठीण आहे. तुमच्या स्वतःच्या गावची वाडी किंवा तांडा शोधा. जिल्ह्यात तांडे आणि वस्त्या पुष्कळ आहेत आणि महसुली गावाच्या नावाखाली त्या झाकल्या जातात. तांडा सापडला नाही, तरी निदान जवळचा फाटा सापडतो का? आपल्याकडे पत्ता फाट्यावरूनच सांगितला जातो. वारंगा फाटा आणि कनेरगाव नाका यंत्राला याच नावांनी ओळखता आले पाहिजेत.

नाव सापडत नसेल तिथे अक्षांश-रेखांश टाकता येतात. हिंगोली शहर साधारण १९.७२ उत्तर, ७७.१५ पूर्व इथे आहे. हीच जागा अंश-मिनिटांत लिहिली तर १९ अंश ४३ मिनिटं होते. कोणी घाईत ते १९.४३ असं भरलं, तर जागा ३२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. यंत्रात दोन्ही पद्धती असतात, म्हणून आकडे भरताना कोणती पद्धत निवडली आहे ते आधी पाहावं. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन ही पद्धत आणली. तिच्यात देशातल्या प्रत्येक चार मीटर लांब, चार मीटर रुंद चौकोनाला अक्षरं आणि अंक मिळून दहा चिन्हांचा संकेत मिळतो. शेतातलं घर, वस्ती, विहीर अशी पत्ता नसलेली ठिकाणं कळवायला ती चांगली आहे. तुमचं यंत्र ती ओळखतं का, हे विचारून घ्या.

जवळचा रस्ता, चांगला रस्ता

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणात संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ हा जिल्ह्याचा कणा. वारंगा फाट्यावर त्याला नांदेड–यवतमाळ–नागपूर हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग भेटतो. या रस्त्यांवर कोणतंही यंत्र पास होतं. खरी निवड महामार्ग सोडल्यावर होते.

प्रत्येक यंत्रात ‘सर्वांत कमी अंतर’ आणि ‘सर्वांत कमी वेळ’ असे दोन पर्याय असतात. आपल्या भागात कमी अंतराचा पर्याय कधीही ठेवू नये. यंत्राला रेघ दिसते. ती रेघ डांबरी रस्त्याची आहे, शिवरस्त्याची आहे की पाणंदीची, हे नकाशा भरणाऱ्याने नोंदवलं नसेल, तर यंत्र तुम्हाला दोन किलोमीटर वाचवायला पाणंदीत घालतं. उन्हाळ्यात तिथून जीप जाईलही. मृग बरसला की काळी माती चाकाला धरते, चाकाच्या कमानीत लगदा भरतो आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. मग गावातून ट्रॅक्टर आणून दोरीने ओढून काढण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून सेटिंगमध्ये ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्याय आहे का ते आधी पाहा. तो नसेल, तर ते यंत्र मराठवाड्यासाठी बनवलेलं नाही.

दुसरा धोका पाण्याचा. कयाधू, पैनगंगा, पूर्णा, आसना या नद्यांवरचे आणि ओढ्यांवरचे कमी उंचीचे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंदा गावात पुराचं पाणी शिरलं, हे जिल्हा विसरलेला नाही. नकाशात मात्र असे पूल बाराही महिने तसेच दिसतात. इसापूर, सिद्धेश्वर या धरणांच्या पाण्याकाठी जाणाऱ्या अनोळखी रस्त्यांबाबतही हीच खबरदारी हवी. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ एक गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी रामगंगेच्या पात्रात कोसळून तिघांचा जीव गेला. तिथेही भरवसा नकाशावर होता. पुलावरून पाणी वाहत असेल, तर यंत्र काहीही सांगो, गाडी थांबवायची. हा नियम प्रत्येक चालकाने पाळावा.

काही गोष्टी यंत्राला कळणारच नाहीत. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव तालुक्यातून जिल्ह्यात येते, तेव्हा रस्ता वारकऱ्यांचा असतो. हिंगोलीचा दसरा असो की आठवडी बाजार, त्या दिवशी शहरातून जायला यंत्र सांगेल त्याच्या दुप्पट वेळ धरावा.

खोक्यावर काय वाचायचं?

आधी दोन वस्तूंची गल्लत टाळा. ट्रक, टिप्पर किंवा स्कूल बसला ‘जीपीएस बसवला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो ट्रॅकर असतो. तो गाडीची जागा मालकाला कळवतो आणि त्याला सिम लागतं. तो चालकाला रस्ता दाखवत नाही. आपल्याला हवं ते रस्ता दाखवणारं, पडदा आणि आवाज असलेलं यंत्र. गार्मिन, टॉमटॉम आणि भारतातली मॅपमायइंडिया ही या क्षेत्रातली जुनी नावं.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने तिथलं यंत्र पाठवलं, तर त्यात बहुधा उत्तर अमेरिकेचा नकाशा असतो. ते हिंगोलीत जागा अचूक दाखवेल, पण पडद्यावर एकही रस्ता नसेल. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो. तो त्या मॉडेलसाठी मिळतो का आणि कितीला, हे यंत्र बोलावण्याआधी विचारावं. ‘आयुष्यभर नकाशा मोफत’ असं लिहिलं असेल, तर ते आयुष्य यंत्राचं. कंपनीने त्या मॉडेलचा नकाशा काढणं थांबवलं की मोफत मिळणंही थांबतं. नवा नकाशा वायफायवरून भरता येतो की संगणक लागतो, तेही पाहावं.

जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर त्यावरची तारीख आधी बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि जुन्या पद्धतीत १,०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असं झालं. ज्या यंत्रांमध्ये सुधारणा भरली गेली नव्हती त्यांतली काही तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात.

खोक्यावर ‘नाविक’ लिहिलेलं दिसलं तर चांगलं. इस्रोची ही प्रणाली भारत आणि भोवतालच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. २९ मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ बसलं. आधीच्या काही उपग्रहांची घड्याळं बिघडल्यामुळे आज मुख्य भार जीपीएसवरच आहे, नाविकची जोड मिळते. एकाहून अधिक प्रणालींचे उपग्रह ऐकणारं यंत्र झाडीत आणि इमारतींच्या दाटीत लवकर सावरतं. पण पाच मीटरच्या अचूकतेलाही मर्यादा आहे. चौपदरी महामार्ग आणि त्याच्या कडेचा सेवा रस्ता यांत यंत्र गोंधळतं, तेव्हा पाटी वाचावी.

पडदा पाच ते सात इंचांचा असतो. जीप आणि कारला सहा इंच पुरे. मोठा पडदा काचेतून दिसणारा रस्ता झाकतो. दुकानात पडदा कसाही छान दिसतो. तो बाहेर, भर उन्हात धरून वाचता येतो का पाहा. आवाज मराठीत किंवा निदान हिंदीत आहे का, आणि खिडक्या उघड्या असताना ऐकू येतो का, हेही ऐकून घ्या. यंत्राची बॅटरी तास-दीड तासच टिकते, म्हणून लायटरच्या सॉकेटची वायर सोबत हवीच. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीत यंत्र पुढच्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लावावं. तिथून नजर रस्त्यावरून फारशी हलत नाही. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल, तर संदेश अडतो.

मराठवाड्याचा उन्हाळा हा यंत्राचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे. पारा चाळिशीपार गेला की बंद गाडीत डॅशबोर्ड हात लावू देत नाही. अशा उष्णतेत लिथियमची बॅटरी फुगते आणि रबरी स्टँड काच सोडतो. गाडी उभी केली की यंत्र काढून सोबत घ्यावं. चोरीही टळते.

फोन असताना वेगळं यंत्र का?

ज्याची गाडी महिन्यातून दोन-चारदा जिल्ह्याबाहेर जाते, त्याने वेगळ्या यंत्रावर पैसे घालू नयेत. चांगला स्टँड घ्यावा, घरच्या वायफायवर मराठवाडा आणि विदर्भाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना हातातल्या फोनसारख्या उपकरणाचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता, करता येतो. म्हणून फोन हातात धरू नये, स्टँडलाच लावावा, आणि ठिकाण गाडी सुरू करण्याआधी भरावं.

ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने मात्र वेगळं यंत्र घेण्याचा विचार जरूर करावा. औंढा, परळी, घृष्णेश्वर अशी ज्योतिर्लिंगांची यात्रा घडवणारा जीपवाला, हळद घेऊन सांगलीला जाणारा ट्रकचालक, रात्री-अपरात्री निघणारी रुग्णवाहिका, यांचा फोन कामाच्या कॉलसाठी मोकळा राहिला पाहिजे. तासन्‌तास नकाशा चालवून फोन तापतो आणि ऐन वेळी बंद पडतो. वेगळं यंत्र एकच काम करतं आणि ते रेंजवाचून करतं.

कोणतंही घ्या, नकाशा आपणच सुधारला पाहिजे. चुकीचं नाव, बंद रस्ता, राहिलेला तांडा कळवण्याची सोय बहुतेक नकाशांत असते. २००४ पासून चालू असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांच्या नकाशात तर कोणालाही स्वतः रस्ता आखता येतो, आणि रेंज नसताना चालणारी अनेक अ‍ॅप्स तोच नकाशा वापरतात. गावातल्या शाळेच्या मुलांनी एका सुट्टीत आपल्या वाडीचे रस्ते, पाण्याखाली जाणारे पूल आणि दवाखाना नोंदवले, तर पुढच्या पावसाळ्यात एखादी रुग्णवाहिका वेळेवर पोहोचेल. यंत्र विकत घेण्याआधी त्यात आपलं गाव शोधा. सापडलं नाही, तर ते नकाशावर आणण्याचं काम आपलं आहे, आणि ते आजच सुरू करा.